जयू वेडी झाली नाही

जयू गेल्याचं कळलं ते फोनवर. तिच्या नवऱ्याचा, भालचंद्रचा फोन होता. कावीळ पोटात उतरली, आठवडाभर हॉस्पिटलात होती आणि पहाटे गेली. ठाण्याला पोचले, तर दारातच तिच्या काकीनं मला बाजूला ओढून हळूच विचारलं, "खरं सांग गो, तिनं जिवाचं काय करून तर नाय ना घेतलं?"

"कावीळ, काकी. कावीळ!" सगळ्यांना ऐकू जाईल असं मी मुद्दाम म्हणाले. जे इतकी वर्षं तिच्या वेडाची वाट पाहत बसले, त्यांना तिचं साधं मरणही पटत नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. मी डोंबिवलीहून यायचे, ती ठाण्याच्या कोळीवाड्यातून चालत. त्र्याऐंशी साल असेल, जयू एकोणीस वर्षांची. मागच्या बाकावर कोणी हसलं की ते आपल्यालाच, असं तिला वाटू लागलं. घरात कोणी नसताना नावानं हाक ऐकू येई. झोप उडाली. काकीचं म्हणणं, देवऋष्याकडे न्या. जयूची आई मच्छीबाजारात बसणारी, आवाजानं खणखणीत. "पोर माझी हाय, कुठं न्यायची ते मी बघीन," म्हणाली आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही सोबत होते. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मोठा मानसिक आजार होण्याचा धोका आहे. पण होईलच असं नाही. काहींना होतो, बऱ्याच जणांना होत नाही. तुमचं काय होईल ते आज मला सांगता येणार नाही."

"मग तोवर मी काय करू?" जयूनं विचारलं.

"जगायचं. झोप सांभाळायची. त्रास वाढला तर लपवायचा नाही, इकडे यायचं."

घरी आल्यावर नातेवाइकांनी त्यातला 'धोका' तेवढा उचलला. 'होईलच असं नाही' कोणाला ऐकूच आलं नाही.

कॉलेज सुटलं ते सुटलंच. वर्षभर ती घरात पडून होती. मग एक दिवस उठून आईशेजारी बाजारात जाऊन बसली. एवढा गोंगाट तुला सोसेल का, असं मी विचारलं तर हसली. "अगं, इथं सगळेच बोंबलतायत. त्यात एखादी खोटी हाक आली, तर कोण बघतंय?"

पुढे आंबिवलीचं स्थळ आलं. तोंड उघडायचं नाही, असं काकीनं बजावलेलं. पाहुण्यांपुढे कप ठेवून जयू सरळ भालचंद्रला म्हणाली, "मला कधीकधी नसलेलं ऐकू येतं. वाढेल, नाहीतर नाही वाढणार. चालत नसेल तर आत्ताच सांगा. चहा मात्र घेऊन जा." काकीनं डोक्याला हात लावला. भालचंद्रनं चहा संपवला आणि विचारलं, "मग तेव्हा मी काय करायचं असतं?" असा प्रश्न तिला तोवर कोणी विचारला नव्हता.

सगळं गोड झालं असं नाही. मुलगी झाल्यावर आवाज पुन्हा आले. ती स्वतःहून डॉक्टरांकडे गेली, गोळ्या घेतल्या, सावरली. काही महिने नुसते उदास जायचे, लग्नकार्यं ती टाळायची. पण ज्याची सगळे वाट पाहत होते, तो आजार आला नाही. आणि आला असता तरी ती जयूच राहिली असती, हेही मला ठणकावून सांगायचं आहे.

लग्नानंतर दोघं ठाण्यातच राहिली आणि आईमागून मासळीचा ओटा जयूनंच चालवला; कोणाच्या पोरीला असा त्रास झाला की बायका तिथंच तिला विचारायला यायच्या. परवा त्या बाजारात गेले. तिचा ओटा अजून कोणाला दिलेला नाही. शेजारची पार्वतीबाई म्हणाली, "काल एक बाय आलेली. लेक झोपत नाय, कोन तरी बोलतंय म्हनते. जयूला इचारायचं होतं तिला."

"मग?"

"बसवली तिला जयूच्या ओट्यावर. चहा पाजला. म्हनलं, आधी डाक्टरकडं ने, आनि पोरीला भ्या नको दाखवू." मग तिनं बादली उचलली आणि जयूच्या ओट्यावर पाणी मारून तो स्वच्छ केला... परत कोणी आलं, तर बसायला.