वकील नावाच्या बैलाचा भाव

नागपूरहून मध्य प्रदेशातल्या सौंसरला सरळ रस्ता जातो. स्टँडवरून बस मिळते आणि सकाळी निघालेला माणूस जेवणाच्या वेळेला पोचतो. आम्ही मात्र नागपूरहून रेल्वेने पांढुर्ण्याला गेलो, तिथून बसने सौंसरला आणि सौंसरहून पुढे रामाकोन्याला. एवढा द्राविडी प्राणायाम करण्याचं कारण म्हणजे माझा नवरा.

श्रीकांत बँकेतून निवृत्त झाला, पण घोड्यांच्या शर्यतींतून नाही. डर्बी जवळ आली की पुण्यात आमच्या घरी दुसरा विषय नसतो. कोणता घोडा फेवरिट, कोणाचा भाव दोनास एक, कोणाचा वीसला एक, कोणत्या जॉकीचं कोणाशी बिनसलंय, हे सगळं मी भाजी निवडता निवडता ऐकते. स्वतः तो एक रुपयाही लावत नाही, नुसते अंदाज बांधतो. अंदाज चुकला की म्हणतो, घोडा चुकला.

अशा माणसाच्या कानावर माझ्या मावसबहिणीचा फोन पडायला नको होता. कुसुम रामाकोन्याला दिलेली. घरची संत्र्यांची बाग, थोडा कापूस आणि गोठ्यात पटाची जोडी. पट म्हणजे त्या भागातली बैलांची शर्यत. "शैला, या साली तरी येऊन जाय," ती म्हणाली. "जोडी पह्यल्या तिनात आली नाही तं विकून टाकतो म्हणून राहिले आमच्या घरचे. नरेशले ट्रॅक्टर पायजे. माह्या वकिलाले एकडाव पाहून तरी घे." नरेश हा तिचा मुलगा. वकील हा तिचा बैल. त्याची आई त्याला जन्म देऊन गेली, तेव्हा कुसुमने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. मी लगेच होकार दिला.

मी जात होते कुसुमसाठी. श्रीकांत गळ्यात रेसकोर्सची दुर्बीण अडकवून निघाला भाव काढायला. "खरा भाव मालकाच्या घरी कधीच कळत नाही. तो बाजारात कळतो," असं म्हणून त्याने पांढुर्ण्याचं तिकीट काढलं.

पांढुर्ण्याला उतरलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. स्टेशनबाहेर एका टपरीवर तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा जाळ रस्सा) मिळाले. पहिल्या घासाला माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. श्रीकांतला तिखटाचं भान नव्हतं. त्याने टपरीवाल्याला आणि बाकावरच्या तिघाचौघांना घेरलं होतं.

"रामाकोन्याच्या पटात यंदा कोणाचा जोर आहे?"

"तिगावची जोडी पाहा ना जी," टोपीवाले एक गृहस्थ म्हणाले. "विमान आहे, विमान! तिच्यासारखी जोडी या पट्ट्यात नाही."

"आणि तुमची स्वतःची?"

"आमची?" त्यांनी तोंड असं केलं की जणू पोह्यात खडा लागला. "मुर्दाड बैलं. पाय नाही उचलत. लोकं हासतील म्हणून नेऊन राहिलो."

"बरं, रामाकोन्याच्या धनराजरावांची जोडी?"

हे कुसुमचे यजमान. त्यांचं नाव निघताच बाकावर शांतता पसरली. मग टपरीवाला गाळणी झटकत म्हणाला, "थे कायची जोडी जी! एक बैल म्हातारा, एक भैताड (मूर्ख). कायले आनते पटात, काय मालूम."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुसुमला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? श्रीकांत मात्र खूश होता. बसस्टँडवर जाईपर्यंत त्याचा हिशेब तयार झाला: तिगाव दोनास एक, टोपीवाले वीसला एक आणि रामाकोना पन्नासला एक. "साडूचं दुकान बंद होणार," तो म्हणाला.

बसमध्ये मुंगीलाही जागा नव्हती. निम्मी माणसं जामसांवलीच्या मारुतीला निघाली होती. हा मारुती झोपलेला आहे, आणि आमच्या बसचा आवाज ऐकून तो उठून कसा बसला नाही हेच नवल. मी एका हाताने दांडी धरून उभी, दुसऱ्या हातात कुणीतरी विश्वासाने दिलेली संत्र्यांची टोपली. श्रीकांतला जागा मिळाली होती, आणि तो शेजारच्या शेतकऱ्याला फेवरिट म्हणजे काय ते समजावत होता. त्याच्या दुर्बिणीचा पट्टा एका बाईच्या पिशवीत अडकला. जामसांवलीला ती उतरायला लागली तेव्हा हाही फरफटत दारापर्यंत गेला. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही, उलट त्याची जागा मिळाली.

रामाकोन्याला कुसुम अंगणातच उभी होती. "आली का बाई? कशी दिसून राहिली, वाळून पार खारीक झाली!" असं म्हणत तिने मला मिठी मारली. एवढ्या प्रवासानंतर हे स्वागत! मी ओठ घट्ट मिटून हसले.

जेवायला पाटोडीचा रस्सा होता (बेसनाच्या वड्या आणि तिखट कट). श्रीकांत म्हणाला, "वा! अप्रतिम!" तशी कुसुमने घाईघाईने कानशिलावर बोटं मोडली. "असं नोका म्हणू, भाऊजी." तिचे यजमान धनराजभाऊजी मात्र पहिल्या घासालाच म्हणाले, "आज जमलं नाही." तिसऱ्यांदा रस्सा घेतानाही तेच म्हणाले. मला असा संताप आला! दिवसभर चुलीपाशी राबलेल्या बाईला हा माणूस एक चांगला शब्द देत नाही. कुसुम मात्र आनंदाने वाढत होती.

मग श्रीकांतने आपलं शास्त्र काढलं. माझं पाऊल त्याच्या पावलावर जोरात पडूनही तो थांबला नाही. "धनराजराव, वाईट वाटून घेऊ नका. बाजारात तुमच्या जोडीचा भाव पन्नासला एक आहे. पांढुर्ण्यात लोक अगदी वाट्टेल ते बोलत होते."

धनराजभाऊजींनी हातातला घास खाली ठेवला. "काय म्हने?"

"एक म्हातारा आणि एक भैताड."

"पांढुर्ण्याचे म्हनत होते?" भाऊजींचा चेहरा उजळला. "ऐकलं का, नरेशची माय? पांढुर्ण्यापर्यंत गेली गोष्ट!" आणि त्यांनी चौथ्यांदा रस्सा घेतला. या घरात माझ्याखेरीज कुणाचंच डोकं ठिकाणावर नाही, अशी माझी खात्री झाली.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात वकिलाची भेट झाली. पांढरा, उंच, एका शिंगाला किंचित बाक. कुठलंही काम सांगितलं की आधी उभा राहून विचार करतो, म्हणून त्याचं नाव वकील. जोडीदार बादल, जरा थोराड. कुसुमने वकिलाच्या गळ्याखालून हात फिरवला. "काही कामाचा नाही हा," ती त्याच्या कानात म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. गोठ्याच्या दारात नरेश उभा होता. तो वाईट मुलगा नव्हे. नागपूरची नोकरी सोडून बाग बघायला आला होता. "मावशी, मले काय आनंद आहे विकायचा?" तो म्हणाला. "पन नुसतं पाह्यलं म्हणून वावर नांगरून होते का?"

पट गावाबाहेरच्या मोकळ्या वावरात होता. ऊन, धूळ आणि अर्धं हिंदी, अर्धं मराठी केकाटणारा भोंगा. एकेक जोडी एकटीच पळते आणि वेळ घड्याळावर मोजतात. चाबूक, आर (टोचणी) काही चालत नाही, धुरकरी (जोडी हाकणारा) तोंडाने काय ओरडेल तेवढंच. कडेला होडी (पैजा) लागत होत्या: हरेल त्याने मिशी काढायची, संत्र्याची पेटी द्यायची, साऱ्या मंडळींना भजी चारायची. श्रीकांत प्रत्येक घोळक्यात घुसून भाव विचारत होता आणि प्रत्येक मालक स्वतःच्या बैलांच्या नावाने बोटं मोडत होता.

आमच्या जोडीची पाळी जवळ आली. गुलाब नावाचा धुरकरी वकिलाला आणि बादलला घेऊन समोरून गेला. श्रीकांतने दुर्बीण डोळ्यांना लावली, आणि चाळीस वर्षांची सवय एकदम उफाळून आली.

"अगं, पाय बघ त्याचे! मागचे पाय बघ! छाती बघ!" तो ओरडला. "बाजार गाढव आहे! हीच जोडी जिंकणार! पहिला नंबर! मी लिहून देतो!"

गुलाबने कासरा सोडला. धनराजभाऊजी पुढे झाले आणि त्यांनी जोडीच्या मानेवरचं जू उतरवलं.

"काय झालं?" मी कुसुमला विचारलं. ती पांढरीफटक पडली होती.

"नजर लावली ना बाई भाऊजीनं! ज्याले जीव लावला त्याले चांगलं म्हनत नाही आमच्या इकडे. पटात तं मुळीच नाही. आता जोडी कशी काढतीन हे?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पांढुर्ण्याच्या टपरीवरची ती शांतता, तिगावच्या जोडीचं ते विमान, "आज जमलं नाही" म्हणत चारदा घेतलेला रस्सा, आणि अंगणातली ती वाळकी खारीक! इथे सगळा भाव उलटा वाचायचा होता. ज्याचं कौतुक होतं त्याला कुणी भीत नाही, आणि ज्याला शिव्या पडतात तो खरा फेवरिट. आणि आमच्या तज्ज्ञांनी नेमका त्यालाच हार घातला होता.

भोंग्यावर धनराजभाऊजींचं नाव पुकारलं गेलं. बैल पळाले नाहीत तर जोडी बाद, आणि बाद झाली की विक्री. "याले उपाय नाही का हो?" मी भाऊजींना विचारलं. घाबरल्यावर माणूस कोणतीही भाषा बोलतो.

"ज्याच्या तोंडून निंगालं, त्यानंच वापस घ्याव लागते, ताई. चार मानसात. मोठ्यानं."

मी श्रीकांतला पुढे ढकललं. घाम पुसत तो वकिलासमोर उभा राहिला, खाकरला, आणि म्हणाला, "हे बघा... म्हणजे, तुम्ही... तितकेसे काही खास नाही आहात."

लोक खो खो हसले. भाऊजींनी मान हलवली. कुसुमने पदर तोंडाला लावला. भोंग्यावर दुसऱ्यांदा नाव पुकारलं गेलं.

"बायकोनं म्हटलं तर चालतं का?" मी विचारलं.

"चालते ना. नवरा-बायको एकच."

मी पिशवी खाली ठेवली आणि कमरेला पदर खोचला. पांढुर्ण्याची गाडी, ती संत्र्यांची टोपली, तो तर्रीचा जाळ, सगळं माझ्या घशाशी आलं होतं.

"अरे भैताडा!" मी वकिलावर ओरडले. "कुणाचं म्हणून ऐकशील तर शपथ! सरळ रस्ता समोर असताना वाकड्यात शिरतोस! जन्मभर नुसते अंदाज बांधलेस, एक तरी खरा आला का? जागा मिळाली की बायकोला विसरून बसतोस! जिथे तोंड मिटायचं तिथे उघडतोस आणि जिथे उघडायचं तिथे शेपूट घालतोस! तुझ्याबरोबर संसार करते म्हणून मला बक्षीस द्यायला हवं!"

लोक आता वकिलाकडे नव्हे, श्रीकांतकडे बघत होते. टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, "बाईनं उतरवली बापा, मुळासकट उतरवली!" धनराजभाऊजींनी जू पुन्हा चढवलं.

वकील नेहमीप्रमाणे रेषेवर उभा राहून विचार करू लागला. "चाल ना रे, रिकामटेकड्या!" गुलाब ओरडला, आणि मग धुळीतून एक पांढरा लोट सुटला. मी डोळे मिटून घेतले. कुसुमची बोटं माझ्या मनगटात रुतली होती.

ती जोडी तिसरी आली. पहिला नंबर टोपीवाल्या गृहस्थांच्या मुर्दाड बैलांचा. तिगावचं विमान धावपट्टी सोडून शेजारच्या पऱ्हाटीत (कपाशीत) उतरलं.

"तिसरा," धनराजभाऊजी म्हणाले. "काही दम नाही साल्यांमधे." आणि वकिलाच्या पाठीवर तोंड टेकून ते उभे राहिले. नरेशने चाऱ्याची पाटी आणून वकिलासमोर ठेवली. "खाय आता आयतं, हरामखोरा," तो म्हणाला, आणि कुसुम आधी हसली आणि मग रडली. ट्रॅक्टरचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही.

निघताना कुसुम सौंसरपर्यंत आली. नागपूरची सरळ बस लागली होती. तिकीट मी काढलं. तिने संत्र्यांचं पोतं चढवलं आणि खिडकीशी उभी राहिली.

"लय तरास दिला बाई तुम्ही," ती म्हणाली. "डोकं खाल्लं नुसतं. पुन्हा येऊ नोका."

"कोण येतंय!" मी म्हणाले. "असलं घर आणि असलं जेवण!" बस सुटली तरी ती हात हलवत होती.

नागपूर जवळ आलं तेव्हा श्रीकांतने गळ्यातली दुर्बीण काढून पिशवीत टाकली. मग हळूच म्हणाला, "तू वकिलाला बोलत होतीस ना?" मी त्याला संत्रं सोलून दिलं.

पुण्याला येऊन महिना झाला. काल कुसुमचा फोन आला. मी विचारलं, "वकील कसा आहे?"

"काय सांगू बाई! मुजोर झाला. ढेप (पेंड) खाते अन् पसरून राहते. फुकटचा पोसून राहिलो."

मी फोन ठेवला. श्रीकांत पेपरात घोड्यांचे भाव बघत होता. "काय म्हणते कुसुम? वकील बरा आहे ना?"

"मस्त आहे अगदी," मी म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. आसपास श्रीकांतशिवाय कुणी नव्हतं, तरी खिडकीकडे तोंड करून मी मोठ्याने सांगितलं, "म्हणजे, पार वाया गेलाय."