डॉक्टरीणबाईंच्या हाती हिरामणची सुरी

हिरामणच्या मटणाच्या दुकानात बोकडाचं चित्र नाही की कुठल्या भागाला काय म्हणतात याची पाटी नाही. गिऱ्हाइकाने "कुठलं चांगलं?" विचारलं की हिरामण स्वतःचाच खांदा थोपटतो. "इथलं घ्या, लय कोवळं हाय." बरगड्यांवरून बोट फिरवलं की चाप, नडगीवर चापट मारली की नळी. सिडकोतल्या बायका तर आता तोंडही उघडत नाहीत. लांबूनच त्याच्या मांडीकडे बोट दाखवतात आणि अर्धा किलो घेऊन जातात.

मी निवृत्त भाषाशिक्षक. रांगेत उभं राहायचा मला मनस्वी तिटकारा, म्हणून मी तिथे ज्ञान वाटतो. एकदा त्याला सांगितलं, अमेरिकेत कॅलिफोर्नियात करुक नावाचे लोक आहेत, त्यांच्या भाषेत मांस आणि शरीर दोन्हींना एकच शब्द, 'ईश'. हिरामणने सुरीसुद्धा थांबवली नाही. "मग बरोबरच हाय त्यांचं. दुसरा शब्द कशाला लागतोय?" रात्रभर वाचून मिळवलेली माझी माहिती पाण्यात गेली. मला रागच आला.

यंदा दिवाळीनंतर त्याला हर्निया झाला. ही गोष्ट त्याने लपवली, पण त्याची बायको रंगूबाई हिने अख्ख्या रांगेला सांगून टाकली. दवाखान्यातल्या डॉक्टर तृप्ती म्हणाल्या, लगेच ऑपरेशन करू; आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. तारीख ठरली. हिरामण हिरवा झगा घालून पलंगावर आडवाही झाला. डॉक्टरांनी पेनाने त्याच्या पोटावर रेघ ओढली आणि हातमोजे आणायला वळल्या, तेवढ्यात हा पसार. झग्यासकट रिक्षात बसला तो थेट दुकानात. रेघेनंतर काय होतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. रंगूबाई रडत होती. "वाकलं की पोट धरतंय हे माणूस. उद्या काय झालं तर मी कुणाकडं बघू?"

हिरामण ढिम्म. "सर, आमच्यात नवा माणूस कामाला घेताना आधी एक मांडी हाडावरनं सोडवायला देतो. हात बघितल्याबिगर मी कुणाच्या सुरीखाली जाणार नाय."

रंगूबाईने हे जसंच्या तसं दवाखान्यात सांगितलं. मला वाटलं, डॉक्टरीणबाई तिला हाकलून देतील. पण रविवारी सकाळी, ऐन गर्दीत, डॉक्टर तृप्ती दुकानात हजर. बाह्या वर सारलेल्या. "द्या, कुठली मांडी?"

हिरामणने ठोकळ्यावर बोकडाची मांडी ठेवली आणि सुरी पुढे केली.

बाईंनी सुरी लगेच चालवली नाही. आधी डावा तळवा त्या मांडीवर ठेवला. हळूहळू दाबत, चाचपत राहिल्या. मग जरा कापलं. पुन्हा हात ठेवला. पुन्हा जरा कापलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मागचे लोक कुरकुरायला लागले. त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, हे कबूल करतो.

"म्याडम," हिरामण न राहवून म्हणाला, "ते मेलेलं हाय. त्याला दुखत नाय."

"माहितीये हो," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पण हात ठेवल्याशिवाय मला कापताच येत नाही."

अखेर हाड सुटलं. काम अगदीच सुमार झालं होतं. हाडाला बोटभर मांस तसंच चिकटलेलं, कडा वेड्यावाकड्या. हिरामणने ते हाड उचलून उजेडात धरलं, या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. रंगूबाईचा चेहरा पडला. बाई नापास, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

हिरामणने हाड खाली ठेवलं. बाईंचा डावा हात अजून ठोकळ्यावरच होता. त्या हाताकडे तो बघत राहिला. मग त्याने ॲप्रन सोडला आणि रंगूबाईच्या हातात दिला.

"म्याडम," तो म्हणाला, "उद्या येताना उपाशीच यायचं ना?"