ताण्यावरचा टॉवेल

आमच्या घरात एक गोष्ट पन्नासेक वर्षं सांगितली जाते, आणि ती सांगणारा मीच. लग्न, बारसं, कुणी नवा पाहुणा आला की कुणीतरी म्हणतंच, "आजोबा, ती टॉवेलाची सांगा की." मग मी उठतो, खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतो आणि नक्कल करून दाखवतो. लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. गोष्ट चांगलीच आहे. फक्त तिच्यातला माणूस मी बदललेला आहे.

आधी मी सांगत आलो ती गोष्ट. मी बेळगावात कारकून म्हणून नुकताच लागलो होतो, खडेबाजारात खोली घेऊन राहत होतो. थोरला भाऊ, आमचा अण्णा, निपाणीच्या पुढं कोगनोळीकडच्या आमच्या गावात शेती बघायचा. मला मुलगी बघायला दोघं शहापुरात गेलो. मुलीच्या वडिलांचं दुकान होतं, पण घर विणकरांच्या गल्लीत. उन्हाचं चालत आलेलो, म्हणून दारात पाणी दिलं. अण्णानं हातपाय धुतले, तोंड धुतलं, टॉवेल पिळला आणि गल्लीतच आडव्या ताणलेल्या दोऱ्यांवर झोकात वाळत घातला. ते दोरे म्हणजे शेजाऱ्याच्या साडीचा ताणा होता, मागावर चढवायचे उभे धागे. सकाळी खळ लावून उन्हात वाळायला ठेवलेला. ओला टॉवेल पडला तिथले सगळे धागे एकमेकांना चिकटले. विणकर घरातून धावत आला, "हा टॉवेल कुणाचा?" आणि अण्णा छाती काढून म्हणाला, "माझा." मुलीचे वडील हसून म्हणाले, "असू दे हो, खेड्यातली माणसं."

इथं सगळे हसतात.

आता खरं. टॉवेल माझा होता. शहरात राहायला लागून मला वर्षही झालं नव्हतं आणि ताणा म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. गावात दोरी दिसली की त्यावर काहीतरी टाकायचं, एवढंच हाताला माहीत. विणकर ओरडत आला तेव्हा मी अण्णाच्या मागं सरकलो. अण्णानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि "माझा" म्हणाला. मग मला हळूच ढकलून म्हणाला, "तू आत जा रं. पोरगी बघ."

मी आत गेलो, पोहे खाल्ले, मुलगी बघितली. अण्णा बाहेर उन्हात विणकराबरोबर एकेक धागा सोडवत बसला. मुलगी त्यानं बघितलीच नाही. एकदम लग्नातच बघितली. परतताना मी विचारलं, "कशाला अंगावर घेतलंस?" तो म्हणाला, "मला काय, मी उद्या गावाकडं जाणार. तुला हितं राहायचंय."

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण लग्नानंतर सासऱ्यांनीच ती गोष्ट चारचौघांत काढली, लोक हसले, आणि मीही हसलो. पुढच्या वेळी मीच सांगितली. सांगताना जाणवायचं की मी आता गल्लीतला झालो, शहरातला झालो. जो दुसऱ्याला खेडवळ म्हणून हसतो तो खेडवळ कसा असेल? अण्णा समोर असला तरी मी सांगायचो. तोही हसायचा. उलट, शहरातले लोक चहा औषधासारखा मोजून देतात हे तो गावात कसं सांगतो, ते मला ऐकवायचा. म्हणून माझ्या मनाला फारसं लागलं नाही, असं मी स्वतःला समजावत आलो.

गेल्या वर्षी नातीचं लग्न ठरलं. ती बेंगळूरला नोकरी करते, मुलगाही तिकडचाच. त्याचे आईवडील पहिल्यांदा घरी आले त्या दिवशी मी अण्णाला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. मुलाची आई भारी प्रेमळ बाई, पण तिचे प्रश्न ऐकून मला गंमत वाटायला लागली. इकडं रोज भाकरीच का? टॅक्सी मिळते का? उत्तर कर्नाटकातली माणसं मनानं चांगली, फक्त बोलली की भांडल्यासारखी वाटतात, असंही ती कौतुकानं म्हणाली. अण्णा तिच्याशी गावाकडच्या कन्नडमध्ये बोलत होता, म्हणून मी माझं ठेवणीतलं, कचेरीतलं कन्नड काढलं. ती हसून म्हणाली, "तुम्ही आणि अण्णा अगदी सारखं बोलता. ऐकायला किती गोड."

जन्मभर अण्णापासून जेवढं अंतर राखलं, ते बेंगळूरहून दिसतच नव्हतं.

आणि मला काय सुचलं? मी टॉवेलाची गोष्ट सांगितली. आपण त्यातले नव्हे, हे दाखवायला. नक्कल नेहमीपेक्षा रंगली. निघताना मुलाची आई अण्णाला हसून म्हणाली, "अण्णा, टॉवेल सांभाळा हं." सगळे हसले, अण्णाही. पण मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याची नीट घडी केली आणि तो पिशवीत ठेवला. झोपतानासुद्धा तो उशाशी टॉवेल घेतो. मी त्याचा खांदा रिकामा कधी बघितला नव्हता.

साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "मी न्हाय येत रं. गुडघा दुखतोय."

मी निपाणीची बस धरली. तो अंगणात शेंगा फोडत बसला होता, गुडघे मुडपून, मजेत.

"गुडघा बरा दिसतोय," मी म्हणालो.

"तुला बघून बरा झाला."

"अण्णा, तू नाहीस तर पोरीच्या डोक्यावर अक्षता कोण टाकणार?"

"तू हाईस की. सुधारलेला." त्यानं एक शेंग माझ्याकडं टाकली. "हे बघ, तू हसलास, मला चाललं. तू माझा हाईस. पण आता त्या बाईच्या तोंडात पण तेच. पुढं पोरं झाली की त्यांना पण हेच सांगतील. मग मी मेलो तरी टॉवेल काय वाळत न्हाय."

मला हसू आलं आणि हसता येईना.

"मी सगळ्यांसमोर खरं सांगतो," मी म्हणालो.

"सांगशील?"

"सांगतो."

"मग येतो. आणि टॉवेल घेऊन येतो."

साखरपुडा बेळगावातच, एका हॉलमध्ये होता. अण्णा पहिल्या रांगेत बसला, खांद्यावर टॉवेल. अंगठ्या घालून झाल्या, टोपी-टॉवेलाचे आहेर झाले, आणि मी माईक मागून घेतला. आधी मराठीत, मग कन्नडमध्ये, सगळं सांगितलं. टॉवेल माझा, ताणा मी खराब केला, भावानं अंगावर घेतलं आणि मी इतकी वर्षं त्याच्या नावावर खपवलं. सांगून झालं तसा खाली बसलो.

मग मुलाची आई डोळे पुसत उठली आणि मला म्हणाली, "किती मोठं मन तुमचं. भावाची लाज राखायला आज स्वतःवर घेतलंत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, "अहो, खरंच मीच." माझा मुलगा कानाशी म्हणाला, "बाबा, पुरे आता. पोचलं सगळ्यांना." शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "तुमच्यासारखा शिकलेला माणूस असं करेल होय?" मी अण्णाकडं मदतीसाठी बघितलं. तो गंभीर चेहऱ्यानं मान हलवत म्हणाला, "व्हय. पहिल्यापास्नं लई मोठ्या मनाचा."

मी त्याच्या जवळ गेलो. "खरं सांग की त्यांना."

"मी एकदा सांगितलंतं, टॉवेल माझा म्हणून. आता तुझं तू बघ."

जेवणं झाली. मी हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, आहेरात मिळालेल्या नव्या टॉवेलानं पुसलं. डोक्यात तेच चाललं होतं, या माणसांना पटवायचं कसं? विचार करत स्टेजजवळ आलो आणि नातीला हाक मारायला वळलो.

मागून मुलाच्या आईचा आवाज आला, "अय्यो, हा टॉवेल कुणाचा?"

स्टेजला आडव्या बांधलेल्या झेंडूच्या माळेवर एक ओला टॉवेल होता. माळ मधोमध वाकली होती, पाकळ्या खाली गळत होत्या. सगळ्यांच्या माना अण्णाकडं वळल्या. अण्णाचा टॉवेल अण्णाच्या खांद्यावर होता. त्यानं तो दोन बोटांनी उचलून सगळ्यांना दाखवला आणि या वेळी एक शब्द बोलला नाही.

मी माझ्या खांद्यावर हात नेला. खांदा रिकामा.

"माझा," मी म्हणालो.

हसण्याचा जो स्फोट झाला त्यात माझी नात स्टेजवर मटकन खाली बसली. मुलाची आई हसू आवरत एकदा माझ्याकडं, एकदा अण्णाकडं बघत होती. मग तिनं अण्णासमोर हात जोडले. अण्णा म्हणाला, "असू दे हो. शहरातली माणसं."

बेंगळूरला आता ती गोष्ट सांगतात, असं नात म्हणते. बेळगावकडचे लोक कसे, तर दोरी दिसली की टॉवेल टाकतात. सांगू देत. माणूस तरी आता बरोबर आहे.