वर्लीनच्या गल्लीतला दिवा

आमच्या गल्लीत हौसेने कुणी राहायला येत नाही. फ्लोरिडाच्या ऊसपट्ट्यात, कालव्याकाठी, जुनाट ट्रेलरांची, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरांची, एक ओळ. लेकराबाळांवर हात टाकून तुरुंगात गेलेली माणसं सुटली की त्यांना शाळा, बाग, बसथांबा यांच्या आसपास राहायची बंदी. इथे यातलं काहीच नाही, म्हणून ती इथे येतात. उरलेले आम्ही, ज्यांना दुसरीकडचं भाडं झेपत नाही. माझ्या नातीला मी इथे पाऊल टाकू दिलेलं नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

वर्लीन हटो माझी शेजारीण. संत्र्यांच्या पॅकिंगमध्ये उभं आयुष्य काढलं, आता मधुमेहाने पायाची जखम भरत नाही. तिचा मुलगा ड्यूई त्याच माणसांपैकी. "त्यानं केलं ते केलं," ती म्हणायची. "मी पांघरूण घालत नाही. पण माझी पट्टी तोच बदलतो ना गं."

एकदा अंधारात ती गटारात पडली. तेव्हापासून तिने सरकारी कचेरीत फोन करकरून त्यांचे कान किटवले, गल्लीत एक दिवा द्या म्हणून.

अखेर ट्रक आला. वर्लीन हरखली. कामगारांना बर्फ घातलेला गोड चहा नेऊन दिला. जमीन दगडासारखी, म्हणून खांबाचा खड्डा खणायला ड्यूईला पहार देऊन मदतीला पाठवलं. संध्याकाळी दिवा उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली दोन झोके, एक घसरगुंडी आणि बागेची पाटी.

"अरे पोरांनो, चुकलात! इथे एकही मूल नाही," वर्लीन म्हणाली.

मुकादम तिच्याकडे न बघता म्हणाला, "ठाऊक आहे, आजी. कालव्यापलीकडे नवे बंगले उठतायत. इथे बाग झाली की ही माणसं आपोआप जातात."

ड्यूई महिनाअखेर गल्ली सोडून गेला. हायवेच्या पुलाखाली गाडीत झोपतो म्हणे. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण वर्लीनकडे बघवत नव्हतं.

झोक्यांवर कुणी येत नाही. दिवा लागला की वर्लीनच एकटी जाऊन बसते. काल मी शेजारच्या झोक्यावर टेकले.

"खड्डा त्यानंच खणला ना गं?" ती म्हणाली. "मीच पाठवलं त्याला."

मी झोक्यावरून उतरून तिच्या पायाशी बसले, आणि त्याच उजेडात तिची पट्टी सोडायला लागले.