दिव्यावरची टिकली

हे गेले त्यानंतर दीड महिना गाडी दारात उभी होती. मीही घराबाहेर पडत नव्हते. एका रविवारी दीर आले, किल्ली मागून घेतली, गाडी सुरू करून पाहिली आणि उतरून म्हणाले, "वहिनी, टायरचा दिवा लागलाय. आता हे असंच एकेक निघत राहणार. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे, देऊन टाकू. तुम्ही कुठे चालवणार?"

मला चालवता येते. परवाना आहे. फक्त हे शेजारी बसून प्रत्येक खड्ड्याला "अगं अगं" करायचे, म्हणून मी सोडलं होतं. दिरांना म्हटलं, "आठ दिवस थांबा."

ते गेल्यावर मी गाडीत बसले. दिव्याची फक्त पिवळी कड दिसत होती. मधे माझी मरून टिकली. दोन वर्षांपूर्वी अक्कलकोटहून येताना तो दिवा पहिल्यांदा लागला, तेव्हा यांनी माझ्या कपाळावरची टिकली काढून त्यावर चिकटवली होती. "आता बघू कसा डोळे वटारतो." पुढे हवा भरली तरी दिवा विझेना, आणि टिकली तिथेच राहिली.

तेराव्याच्या आदल्या दिवशी जाऊबाईंनी माझ्या आरशावरच्या सगळ्या टिकल्या नखाने खरवडून काढल्या. मी बघत बसले. ही एक वाचली, कारण गाडीत शोधायला कोण जाणार?

माझी नोकरी ग्रंथालयातली. गाडीचं माहितीपुस्तक यांनी प्लास्टिकमधून कधी काढलंच नव्हतं. मी ते तीन दिवस पेन्सिल घेऊन वाचलं. हवा टायर थंड असताना भरायची. किती, ते दाराच्या चौकटीवरच्या कागदावर लिहिलेलं असतं. आणि भरल्यावर स्टिअरिंगखालचं बटण दिवा मिचकेपर्यंत दाबून धरायचं. हे शेवटचं आम्ही कधी केलंच नव्हतं.

सकाळी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडे गाडी नेली. त्यांनी टायरवर हातोडी मारली. "बरोबर हाय की, ताई. आवाजावरनं कळतंय."

"मीटर लावा, चाचा."

"तीस वर्षं झाली या हातोडीला."

"दिव्याला हातोडी कळत नाही."

ते हसले. "लई वाचता वाटतं." मीटर लावला, तर दोन टायरांत हवा कमी निघाली. भरून झाल्यावर त्यांनी आत डोकावलं. "दिवा न्हाय जायचा. टिकली हाय ती बरी हाय."

मी बटण दाबून धरलं. दिवा तीनदा मिचकला आणि विझला. टिकली नखाने उचलली. गोंद वाळला होता. कपाळावर लावली तर मांडीवर पडली. चाचांनी मान फिरवली आणि हातोडी पुसत राहिले. ती टिकली मी परवान्याच्या पाकिटात ठेवली. शेजारच्या दुकानातून टिकल्यांचं नवं पाकीट घेतलं. मरूनच.

तिथून सरळ कुंभारीला, दिरांकडे. जाऊबाई दारात होत्या. त्यांनी आधी गाडी बघितली, मग माझं कपाळ.

"हे काय?"

"दिवा विझला," मी म्हटलं. मागून दीर आले. "गाडी विकायची नाही. भावोजी, गिऱ्हाइकाला कळवून टाका."

चहा झाला. निघताना मी गाडी मागे घेत होते, तर दीर काचेजवळ आले. "अहो अहो, वहिनी, जपून!"

मी काच वर केली.