टॉवरला घातलेली शप्पथ

आज सकाळी नितेश गेला. चहा पिता पिता.

हृदयाजवळची मोठी रक्तवाहिनी फुटली. हॉस्पिटलपर्यंत पोचलाच नाही.

मी डोंबिवलीचा, तो कोलशेतचा. ठाण्यातल्या एका क्लबात आम्ही एकत्र बास्केटबॉल शिकलो. माझी उंची नववीत थांबली, त्याची थांबेचना. म्हणून तो टॉवर.

या खेळावर पोट भरणारा आमच्यातला तो एकटाच. थायलंडच्या एका प्रोफेशनल क्लबाने कॉन्ट्रॅक्ट देऊन नेलेला.

पहिला सीझन खेळून आला, तेव्हा काकींनी, म्हणजे त्याच्या आईने, त्याला दारातच खाली बसवलं आणि मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. उभ्याने त्यांचा हातच पोचत नव्हता.

त्याच सुट्टीत जिना चढताना त्याला धाप लागायला लागली.

काकी म्हणाल्या, गावाची नजर लागली. मग रोज मीठ-मिरच्या. घरच्या पिढ्या मिठागरात गेलेल्या, मिठाला काय तोटा!

खरं काय ते दुसऱ्या सीझनआधीच्या मेडिकलमध्ये कळलं. जन्मजात आजार. ती उंची, ते लांब हात, लांब बोटं, सगळं त्या आजारामुळेच. हृदयाचं ऑपरेशन झालं, पण खेळ कायमचा बंद.

नितेशने डॉक्टरांना विचारलेलं, "म्हणजे मी प्लेयर झालो तो या आजारामुळेच?"



तरीही तो थायलंडला जाणार होता, मेडिकल न मागणाऱ्या एका छोट्या क्लबाकडून खेळायला. बॅग भरलेली, टॅक्सी दारात. काकी उंबरठ्यावर आडव्या उभ्या राहिल्या.

"माज्या गल्याची शप्पथ हाय. परत बास्केटमदी बॉल टाकलास तं माजा मेलेला तोंड बगशील."

टॅक्सी रिकामी गेली.

आपल्याकडे शप्पथ ज्याने घातली त्यानेच "सुटली" म्हणावं लागतं. तोपर्यंत ती सुटत नाही. लहानपणी आपण सगळेच हे खेळलोय. हा पठ्ठ्या मोठेपणी त्यात अडकला.

दर दिवाळीला फराळाच्या ताटावर हेच.

"आये, सुटली बोल ना गो."

"नाय बोलाची. चकल्या खा."

आम्ही हसायचो. तोही हसायचा.

पुढे माजिवड्याच्या ग्राउंडवर मुलांना कोचिंग करायला लागला. शिट्टी आणि प्लास्टिकची खुर्ची. बॉल पायाशी आला की उचलून मुलांना द्यायचा. बास्केटकडे कधीच नाही.

एकदा ग्राउंडवर आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "अरे टाक ना एक. कोण बघतंय?"

"आये बगत नाय म्हून शप्पथ सुटते काय रं?"

मला इतका राग आलेला. त्याचा नाही, काकींचाही नाही. कोणाचा ते अजून कळलेलं नाही.

आज त्याला अंगणात ठेवलेलं. काकी घरातून आल्या, मुठीत मीठ-मिरच्या. कोणीतरी म्हणालं, "वहिनी, आता कशाला?" त्यांनी ऐकलं नाही.

दृष्ट काढली. आज हात पोचत होता.

मग त्याच्या कानाशी वाकल्या. मी शेजारीच बसलेलो, म्हणून ऐकू आलं.

"सुटली रं पोरा. सुटली. जा, खेल."

ये रे टॉवर.