चौकटीवरचा आकडा

त्या सोमवारी परळच्या एका चाळीत तळमजल्यावरच्या खोलीला दुसरं कुलूप लागलं. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. ते कुलूप अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

खोलीत एक निवृत्त परिचारिका आणि त्यांचे पती भाड्याने राहत. पती शाळामास्तर होते. त्यांना दिवसाआड डायलिसिस लागे. जिना चढणं शक्य नव्हतं. इस्पितळातून परतले तर दाराला कुलूप. मास्तरांना चाळीच्या बाकावर बसवून बाई थेट ठाण्यात आल्या.

"साहेब, यांना मी आता कुठे निजवू?"

कुलूप चाळमालकाच्या पुतण्याने लावलं होतं. मालक नुकतेच वारले होते आणि पुतण्याला ती खोली लग्न झालेल्या लेकीसाठी हवी होती. त्याने भाडेकरार टेबलावर ठेवला.

"वाचा. खोली क्रमांक सात. हे राहतात बारात. ही घुसखोरीच ना?"

"सातमध्ये कोण राहतं?"

"जुने भाडेकरू. माझ्या लहानपणापासून."

करार करून देणाऱ्या एजंटला बोलावलं. "दाराच्या चौकटीवर सात रंगवला होता साहेब, तोच टाइप केला." तो आकडा कुठल्याशा सर्वेक्षणवाल्यांनी रंगवलेला. चाळीत तो आकडा कोणी मानत नसे; ही खोली सगळ्यांना बाराच.

मी पुतण्याकडे वळलो. "यांना किल्ली कोणी दिली?"

"काकांनी सांगितलं म्हणून मीच."

"कुठल्या खोलीची?"

त्याने टेबलावरचा करार स्वतःकडे ओढला. बाई म्हणाल्या, "कपाटसुद्धा यांनीच आत लावलं. पाठ धरली होती बिचाऱ्यांची."

दुपारपर्यंत कुलूप निघालं. कुठली खोली, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असेल आणि ताबाही तिचाच असेल, तर नुसता क्रमांक चुकल्याने करार सहसा रद्द होत नाही. दुरुस्तीचा दस्त नोंदवून चूक सुधारता येते. त्यापुढचा वाद दिवाणी न्यायालयाचा. कुलूप लावून तो मिटवता येत नाही.

मग मी भाडेकरू पडताळणीची फाईल काढली. तिथेही सातच. आमचा माणूस खोलीवर गेलाच नव्हता. करारावरून उतरवून घेतलं होतं आणि खाली सही माझी होती. बाईंना मी ते सांगितलं.

"तुम्ही तरी कबूल केलंत," त्या म्हणाल्या.

त्यानंतर कोणी जाऊन न पाहिलेल्या घराच्या कागदावर मी सही केली नाही.

दुरुस्तीचा दस्त झाला. पुढे कराराची मुदत वाढली, तीही पुतण्यानेच वाढवून दिली. बाई गेल्या महिन्यात वारल्या. मास्तर बारा नंबरमध्येच आहेत. त्यांना आता नीट दिसत नाही. रविवारी मी जातो आणि त्यांना वाचून दाखवतो.